खोलीत साप निघाला, बोलणी बाईने खाल्ली

गेल्या पावसाळ्यात नगरच्या नागापूर औद्योगिक वसाहतीजवळच्या एका वस्तीत आमच्या गटाची बैठक होती. (जिल्ह्याचं नाव २०२४ पासून अहिल्यानगर झालं आहे, पण बायकांच्या तोंडी अजून नगरच आहे, म्हणून इथे तसंच लिहिते.) विषय ठरला होता रेशनकार्डांचा. बाया जमल्या, सतरंजी टाकली, आणि मागच्या ओळीतल्या एका खोलीत भाड्याने राहणारी एक बाई एकदम म्हणाली, "ताई, रेशनचं राहू द्या. माझ्या मोरीतून काल तिसऱ्यांदा साप निघाला. मी आता त्या खोलीत लेकरं कशी निजवू?"

मग ती जे बोलली ते सगळ्याजणी मान डोलवत ऐकत राहिल्या. पहिला साप निघाला तेव्हा घरमालक म्हणाले, "तुम्ही बायका खरकटं मोरीत टाकता, त्याने उंदीर येतात, मग साप येणारच." नवरा कारखान्यातून आला, तो म्हणाला, "दिवसभर घरात काय करतेस? कोपरे झाडत नाहीस." खरं तर तीही दिवसभर घरात नसते, पॅकिंगच्या कामाला जाते. सासूने गावाहून फोनवर विचारलं, "शिवताशिवत पाळतेस ना?" तिघांच्या तीन तऱ्हा, निकाल मात्र एकच. साप निघाला तो बाईच्या चुकीने.

भिंतीला, मोरीच्या भोकाला किंवा दाराखालच्या फटीला कोणी काही विचारलं नाही.

त्या दिवशी रेशनकार्डं बाजूलाच राहिली. तेरा बायांपैकी नऊजणींच्या खोलीत त्या वर्षी काही ना काही शिरलं होतं. घूस, साप, एकीच्या पत्र्याखाली वटवाघळं, एकीच्या खिडकीला मधमाश्यांचं पोळं. नऊपैकी एकीनेही मालकाला लेखी काही दिलं नव्हतं, आणि तोंडी सांगणाऱ्या तिघी होत्या. बाकीच्यांनी विचार केला तो असा: सांगितलं तर म्हणेल, पटत नसेल तर खोली सोडा.

मी त्यांना दोष देणार नाही, कारण मीही तेच केलेलं आहे. मी एम.एस.डब्ल्यू. झालेली, बायांना अर्ज लिहायला शिकवणारी, हक्कांवर शिबिरं घेणारी. सावेडीच्या बाजूला एका सोसायटीत तळमजल्यावरची भाड्याची जागा मला मिळाली ती चार ठिकाणी नकार ऐकून. "एकट्याच का? लग्न नाही? घरचे कुठे असतात? उशिरा येणं होतं का?" हे प्रश्न ज्यांनी खोली शोधली आहे त्या प्रत्येक एकट्या बाईला पाठ आहेत. जागा मिळाली तेव्हा मी इतकी हायसं वाटून गेले की न्हाणीच्या जाळीचा तुकडा तुटलेला आहे हे पाहूनही मी काही बोलले नाही. पहिल्या महिन्यात रात्री भांड्यांचा आवाज यायचा. ती घूस होती. पावसाळा लागला आणि एका सकाळी बादलीच्या मागे हातभर लांब, जाड असं काही सरकलं. नंतर कळलं, ती धामण. बिनविषारी, उंदीर खाणारी, शेतकऱ्याची मैत्रीणच म्हणावी अशी. पण त्या क्षणी मला तिचं नाव माहीत नव्हतं. मी स्टुलावर उभी होते आणि माझ्या मनात पहिला विचार काय आला असेल? "मालकांना कळलं तर म्हणतील, एकट्या बाईला ठेवलं की हे असं."

सात महिने मी मोरीवर पाटा उपडा ठेवून अंघोळ केली. मैत्रिणींनो, हे लिहिताना मला लाज वाटते. पण जिच्याजवळ शिक्षण आहे, नोकरी आहे, तिची ही गत असेल तर पत्र्याच्या खोलीतल्या बाईने "कायदेशीर मार्गाने जावं" असं आपण किती सहज म्हणतो, हे त्या पाट्याने मला शिकवलं.

आता साप का येतो ते पाहू, कारण इथेच सगळा दोष बाईच्या झाडूवर टाकला जातो. साप स्वतः बीळ खणत नाही. तो घुशीचं, उंदराचं बीळ वापरतो आणि त्यांच्याच मागावर येतो. उंदीर-घुशी येतात उघड्या गटाराला, न उचललेल्या कचऱ्याला. नगर शहरातून सीना नदी जाते. तिच्या आणि ओढ्यांच्या काठाने, शहराच्या कडेच्या शेतांमध्ये प्लॉट पडले, खोल्या उठल्या. जिथे साप पिढ्यान्‌पिढ्या राहत होता तिथे आपण राहायला गेलो. जिल्ह्याच्या उत्तर भागात तर ऊस. महाराष्ट्रातला पहिला सहकारी साखर कारखाना प्रवरानगरचा, आणि त्या पट्ट्यात उसाच्या फडाला लागून भाड्याच्या खोल्या आहेत. उसात उंदीर, उंदरांमागे साप. फड तुटला की दोघेही बाहेर पडतात. पहिल्या मोठ्या पावसात बिळांत पाणी भरलं की कोरडी जागा शोधत निघतात. कोरडी जागा म्हणजे आपली खोली. रस्ता म्हणजे मोरीचं जाळी नसलेलं भोक, चेंबरचं तुटलेलं झाकण, चौकट आणि भिंत यांच्यामधली गिलावा पडलेली फट.

यात बाईच्या झाडूने थांबण्यासारखं किती आहे? थोडं आहे, नाही म्हणत नाही. खरकटं झाकावं, लाकडं-गोवऱ्या भिंतीला लावून रचू नयेत, अंधारात हात घालू नये. पण जाळी, झाकण, गिलावा हे मालकाचं काम, आणि ओढा-कचरा हे महापालिकेचं किंवा ग्रामपंचायतीचं. झाडूचा हिशोब रोज होतो. या दोघांचा कधी होत नाही.

आपल्याच जिल्ह्यात नेवासे तालुक्यात शनी शिंगणापूर आहे. घरांना दारं नाहीत म्हणून ते जगभर प्रसिद्ध झालं. देवाच्या धाकाने चोर येत नाही, अशी श्रद्धा. पण रात्री कुत्रं-जनावर शिरू नये म्हणून तिथेही चौकटीला फळी टेकवतातच. चोराला श्रद्धा पुरते, जनावराला फळीच लागते. (त्याच गावच्या चौथऱ्यावर चढण्यासाठी बायांना २०१६ पर्यंत लढावं लागलं, हे जाता जाता.) आपल्याकडे नागपंचमीला भिंतीवर नाग काढून बाया पूजा करतात, त्या दिवशी चिरत नाहीत, तळत नाहीत. दुसऱ्या दिवशी तोच मोरीतून आला की काठी निघते. साप मारणं हा १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली गुन्हा आहे, हे काठी मारणाऱ्याला बहुधा माहीत नसतं. काठी मारताना माणसाला साप चावतो, हे मात्र त्याला माहीत असायला हवं.

आता या लेखाचा जो भाग मला सगळ्यांत महत्त्वाचा वाटतो, त्याकडे येते. खोलीत खाट किती असतात? एक. खाटेवर कोण निजतं? त्या बैठकीत मी हे विचारलं तेव्हा आधी हशा पिकला. मग एकेकजण सांगू लागली. नवरा, किंवा सासरा, किंवा थोरला मुलगा. बाई आणि लहान लेकरं खाली, फरशीवर, भिंतीच्या कडेला, म्हणजे बरोबर त्या वाटेवर जिथून साप भिंतीला धरून सरकतो.

मण्यार हा साप रात्री फिरतो आणि जमिनीवर झोपलेल्या माणसाला चावतो. चावा बहुतेकदा दुखत नाही, सुजत नाही, खूणही दिसेनाशी असते. बाई पहाटे उठते ती पोट दुखतंय म्हणत. पापण्या जड होतात, बोलणं जड होतं, गिळवत नाही. घरचे म्हणतात, "पित्त झालं असेल", "पाळी आली असेल", "कामाचा कंटाळा". बाईच्या पोटदुखीला कोण मनावर घेतं? तास निघून जातात, आणि मण्यारीच्या विषात तासच मोलाचे असतात. पुढे श्वासाचे स्नायू थकतात. पावसाळ्यात, जमिनीवर झोपलेल्या कोणाचंही पहाटे असं पोट दुखलं आणि पापण्या उघडेनात, तर साप दिसलेला नसला तरी सरळ मोठ्या सरकारी दवाखान्यात न्यावं. एवढं एक वाक्य प्रत्येक गटात सांगितलं गेलं तरी हा लेख लिहिल्याचं सार्थक झालं असं मी समजेन.

देशात २००० ते २०१९ या वीस वर्षांत सर्पदंशाने सुमारे १२ लाख माणसं गेली, वर्षाला सरासरी ५८ हजार, असा अंदाज २०२० साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या अभ्यासात आला. निम्म्याहून अधिक मृत्यू जून ते सप्टेंबरमधले. पुष्कळ माणसं दवाखान्याची पायरी न चढताच, घरीच गेलेली. २०१७ साली जागतिक आरोग्य संघटनेने सर्पदंशाला दुर्लक्षित आजारांच्या यादीत घातलं, आणि मार्च २०२४ मध्ये केंद्र सरकारने २०३० पर्यंत हे मृत्यू निम्म्यावर आणण्याचा आराखडा जाहीर केला. आराखड्यात दवाखाने आहेत, प्रतिविष आहे, प्रशिक्षण आहे, आणि ते हवंच. मी त्यात खाट शोधत होते.

नाग, मण्यार, घोणस, फुरसे या चारही विषारी सापांवर एकच प्रतिविष चालतं. कोणता साप होता ते ओळखण्यासाठी त्याच्या मागे धावायची गरज नाही. जखम चिरायची नाही, तोंडाने ओढायची नाही, आवळून दोरी बांधायची नाही. हात किंवा पाय फळीला बांधून मोडलेल्या हाडासारखा स्थिर ठेवायचा, बाईला चालवायचं नाही, १०८ ला फोन करायचा. वाटेत भगताकडे वळायचं नाही. २०१३ साली डॉ. नरेंद्र दाभोलकरांच्या खुनानंतर जादूटोणाविरोधी कायदा झाला. त्यात साप, विंचू, कुत्रा चावलेल्या माणसाला औषधोपचारापासून रोखून मंत्रतंत्र करणं हा गुन्हा ठरवला आहे, हे कलम आपल्या कार्यकर्त्यांनाही फारसं ठाऊक नसतं. शेजारच्या जुन्नर तालुक्यात, नारायणगावला डॉ. सदानंद राऊत आणि डॉ. पल्लवी राऊत यांनी वर्षानुवर्षं सर्पदंशाच्या रोग्यांवर काम करून दाखवलं आहे. वेळेत पोचलेलं माणूस वाचतं, हे त्या भागातल्या गावांना आता पाठ झालं आहे.

बिबट्या निघाला की पत्रकार येतात, पिंजरा येतो, आमदार येतात. यायलाच हवेत. अकोले, संगमनेर, राहुरी भागातल्या बाया आज जीव मुठीत धरून उसात जातात. बिबट्याच्या हल्ल्यात माणूस गेलं तर वारसांना सरकार २५ लाख देतं. त्या यादीत वाघ आहे, अस्वल आहे, रानडुक्कर आहे. साप नाही. सापासाठी आहे ती गोपीनाथ मुंडेंच्या नावाची शेतकरी अपघात योजना, २ लाखांची. पण तीसाठी सातबारा लागतो, स्वतःचा नाहीतर घरातल्या कोणाचा तरी. पाथर्डी-शेवगावकडून उसतोडीला आलेली, कोपीत निजणारी भूमिहीन बाई, किंवा नागापूरच्या पत्र्याच्या खोलीत पॅकिंग करणारी बाई साप चावून गेली, तर तिच्या लेकरांच्या हाती यातलं काहीच पडत नाही. जिच्याजवळ ना जमीन ना घर, तीच जमिनीवर झोपते. आणि जमीन नाही म्हणूनच तिला भरपाई नाही.

आणखी एक अडचण, जिच्याबद्दल कोणी बोलत नाही. साप निघाला की म्हणतात, "सर्पमित्राला बोलवा." वनखात्याचा १९२६ हा फोन आहे, गावोगावी सर्पमित्र आहेत, बहुतेक भले असतात, रात्री-अपरात्री पैसे न घेता येतात. पण ते बहुतेक पुरुष. रात्री अकराला एकट्या बाईच्या खोलीत अनोळखी पुरुष काठी-पिशवी घेऊन शिरला तर सकाळी आळीत काय बोललं जाईल, याचा हिशोब बाई साप समोर असतानाही करते. मी केला होता. बुलढाण्याच्या वनिता बोराडे यांनी हजारो साप पकडून सोडले, त्यांना राष्ट्रपतींच्या हस्ते नारीशक्ती पुरस्कार मिळाला. एका वनिताबाईंचा सत्कार करून आपण टाळ्या वाजवतो. प्रत्येक तालुक्यात चार बाया या कामात तयार कराव्या, असं वनखात्याला किती संघटनांनी लिहून दिलं? आमच्याही संघटनेने अजून दिलेलं नाही.

आता कायद्याचं. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा १९९९ चा. त्याचं कलम १४ म्हणतं की करारात वेगळं ठरलेलं नसेल तर जागा चांगल्या, राहण्याजोग्या स्थितीत ठेवणं मालकावर बंधनकारक आहे. भाडेकरूने, किंवा अनेक भाडेकरूंनी मिळून, किमान १५ दिवसांची नोटीस द्यायची. वाजवी मुदतीत काम झालं नाही तर स्वतः करून घ्यायचं आणि खर्च भाड्यातून वळता करायचा. मात्र वर्षाला भाड्याच्या एक चतुर्थांशापर्यंतच. मोरीची जाळी, चेंबरचं झाकण, चौकटीची फट ही दुरुस्तीच आहे, असं माझं मत. कलम ५५ म्हणतं की करार लेखी आणि नोंदलेला हवा, आणि ती जबाबदारी मालकाची. नोंदलेला नसेल तर वादात अटींबद्दल भाडेकरूचं म्हणणं ग्राह्य धरलं जातं, उलट सिद्ध होईपर्यंत. "माझ्याकडे कागदच नाही" म्हणून घाबरणाऱ्या बाईला हे सांगायला हवं. कागद नसण्याची चूक तिची नाही.

यात गोम आहे तीही सांगते. हा कायदा सगळ्या गावांना लागू नाही, मुख्यतः शहरी भागांना आहे. आणि अकरा महिन्यांचा जो 'लिव्ह अँड लायसन्स' करार सगळीकडे करतात, त्यात राहणारी व्यक्ती कायद्याच्या भाषेत भाडेकरू राहतच नाही. म्हणजे माझ्यासारख्या सोसायटीतल्या बाईचा कलम १४ चा हक्क सही करतानाच सुटलेला असतो. त्यावर उपाय एकच. सही करण्याआधी, जागा पाहतानाच मोरी, जाळी, फटी बघायच्या आणि "ही दुरुस्ती मालक करून देतील" हे वाक्य करारात घालून घ्यायचं. जागा मिळाल्याच्या आनंदात ते राहून जातं, हे मी वर कबूल केलंच आहे.

नागापूरच्या त्या नऊजणींनी काय केलं? बैठकीच्या पुढच्या आठवड्यात एक साधं पत्र लिहिलं. कायदा आपल्या वस्तीला लागू आहे की नाही याची वाट पाहिली नाही. प्रत्येक खोलीचा नंबर, त्यापुढे काय तुटलं आहे, किती वेळा काय शिरलं. शेवटी, पंधरा दिवसांत दुरुस्ती करावी ही विनंती. सात सह्या आणि दोन अंगठे. पत्रात 'भीती वाटते' असं एकीने घालायला सांगितलं, दुसरीने खोडायला लावलं. म्हणाली, "भीतीचं लिहिलं की म्हणतील बायका घाबरटच असतात. जाळीचं लिहा." मला ते पटलं.

मालक आधी भडकले. "मी साप पाळलेत का?" एकीच्या नवऱ्याला बोलावून "बायकोला आवरा" म्हणाले. तो नवरा, हे नोंदवायलाच हवं, म्हणाला, "पत्र तिचं आहे, तिच्याशीच बोला." तीन आठवड्यांनी सहा खोल्यांच्या मोऱ्यांना जाळ्या बसल्या, चेंबरवर सिमेंटचं झाकण आलं. उरलेल्या तीन खोल्या दुसऱ्या मालकाच्या. त्याने काहीच केलं नाही आणि एका कुटुंबाला दिवाळीनंतर खोली रिकामी करायला सांगितलं. ती बाई आता बोल्हेगावला राहते, भाडं तीनशे रुपयांनी जास्त. तिला आम्ही वाचवू शकलो नाही. पत्रावर सगळ्यांत आधी सही तिची होती.

ओढ्याच्या सफाईचा अर्ज ग्रामपंचायतीत दिलेला आहे. दोनदा विचारून आलो, "निधी आला की करू" म्हणतात. मच्छरदाण्या मात्र बचतगटाच्या पैशांतून घेतल्या. कडा गादीखाली नीट खोचल्या तर डासांबरोबर मण्यारही बाहेर राहते, आणि खाटेपेक्षा त्या स्वस्त पडतात. खाटेचं काय झालं ते विचारू नका. दोन घरांत लेकरं वर निजायला लागली आहेत आणि बाप खाली. बाई अजून कुठल्याच घरात वर गेलेली नाही.

रेशनकार्डांचा विषय तसाच राहिला आहे. तो पुढच्या बैठकीत घेऊ.